रुजू झाला, पण रुजला का?

टिश्यूकल्चरचं केळीचं रोप प्रयोगशाळेतून थेट शेतात कुणी लावत नाही. रावेर, यावल, चोपडा भागातल्या कुठल्याही बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. बाटलीत वाढलेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो, पानांची रंध्रं वेळेवर मिटत नाहीत, मुळांनी माती पाहिलेली नसते. ते उघड्या उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत मान टाकतं. म्हणून आधी काही आठवडे दमट हरितगृहात, मग आणखी काही आठवडे शेडनेटखाली पिशवीत. तिथे फुटलेली नवी पानं बाहेरच्या हवेची सवय घेऊनच येतात. रोप फूटभर उंच झालं, पाच-सहा पानं धरली, की मग शेतात. या मधल्या काळाला सगळे 'हार्डनिंग' म्हणतात. त्याचा खर्च रोपाच्या किमतीत धरलेला असतो, आणि तो का धरला असं विचारणारा माणूस खान्देशात सापडणार नाही.

माणूस कामावर परततो तेव्हा हा शहाणपणा कुठे जातो? सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा, अपघातात मोडलेला पाय, क्षयाचे उपचार, आई-वडिलांचं शेवटचं आजारपण. असं काहीतरी काढून माणूस परत येतो. सकाळी हजेरीपटावर सही होते आणि साडेदहाला साचलेलं सगळं काम टेबलावर येतं. तीन आठवड्यांनी साहेब म्हणतात, 'आता पहिल्यासारखं लक्ष राहिलं नाही याचं.' घरचे म्हणतात, आराम अंगात भिनलाय. तो स्वतःही तेच म्हणू लागतो, आणि तिथे खरं नुकसान सुरू होतं.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की खंडानंतर कामातली उमेद आणि कल्पकता परत आणणं ही त्या माणसाची एकट्याची जबाबदारी नाही. परतण्याचा चढ किती तीव्र असावा हे काम देणाऱ्याने ठरवायचं असतं. तो चढ कागदावर लिहिलेला असावा आणि मेहेरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून मिळावा.

यात नाजूक मनाचे लाड कुठेच नाहीत. शरीराच्या बाबतीत हा नियम आकड्यांत लिहिलेला आहे. उन्हातल्या कामाला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जातं, नाडी स्थिरावते. काम आठवडाभर सुटलं की हा सराव उतरू लागतो. म्हणून अमेरिकेतल्या 'नायोश' या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेची शिफारस आहे : अगदी नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातलं काम २० टक्केच द्या आणि रोज २० टक्क्यांनी वाढवा. जुना, अनुभवी कामगार खंडानंतर परतला असेल तर पहिल्या दिवशी ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो. डाळमिलच्या वाळवणाच्या ओट्यावर, केळीच्या ट्रकवर, रस्त्याच्या डांबरकामावर हे आकडे भिंतीवर रंगवायला हवेत.

त्यांचा हिशेबही करून पाहावा. परतलेल्या कामगाराचं पहिल्या दिवशी अर्धं काम बुडालं, दुसऱ्या दिवशी चाळीस टक्के, तिसऱ्या दिवशी वीस टक्के. बेरीज एक दिवस आणि वर दहावा भाग. रोजी ५०० रुपये धरली तर साडेपाचशे रुपये. उन्हाने कोसळलेल्या माणसाला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचं भाडंही यात निघणार नाही.

मनाच्या कामाला असा चार दिवसांचा तक्ता नाही, पण तत्त्व तेच आहे. त्यातली सगळ्यात मोठी गैरसमजूत अशी, की आधी उमेद यावी लागते आणि मग काम होतं. क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. नैराश्यावरच्या उपचारांत 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' नावाची पद्धत आहे. तिचा पायाच हा की मन तयार होण्याची वाट पाहू नका; छोटी, ठरवलेली, पूर्ण होणारी कृती आधी करा, मन मागून येतं. विसरण्याचं शास्त्रही धीर देणारं आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं हे त्यातलं निरीक्षण सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं निरीक्षण कमी सांगितलं जातं : तेच पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे सहा महिन्यांनी टॅलीच्या स्क्रीनसमोर बसलेला लेखनिक कोरा झालेला नसतो. चार व्हाउचर टाकली की बोटांना वाट आठवते. त्याला ती चार व्हाउचर शांतपणे टाकू द्यायची असतात, एवढंच.

रिकामा वेळ मिळाला म्हणून उमेद साठत नाही, हेही नोंदवायला हवं. ऑस्ट्रियातल्या मारिएंथाल या गावातली कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी त्या गावाचा अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, वारंवार थांबू लागले. दिवसाला आकार देणारं काम गेलं की इतर गोष्टींची ओढही जाते. धुळे, चाळीसगाव, अमळनेर या गावांना गिरणीचा भोंगा आणि तो थांबल्यानंतरची शांतता दोन्ही माहीत आहेत. त्यामुळे 'एवढे दिवस घरी होतास, ताजातवाना होऊन आला असशील' हे वाक्य परतलेल्या माणसाला ऐकवू नये. आजारपणातला किंवा शुश्रूषेतला खंड ही सुट्टी नसते.

आपले कायदे रजेबद्दल बोलतात, परतण्याबद्दल फार कमी. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूतीची रजा २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आली. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण पहिल्या आठवड्यात तिच्यावर किती काम टाकायचं, तिची जुनी फाइल तिलाच मिळेल का, यावर कायदा गप्प आहे. सरकारी नोकरीत आजारपणाच्या रजेनंतर तंदुरुस्तीचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर माणूस कामाला योग्य आहे एवढंच असतं. काल आजारी, आज शंभर टक्के! राज्य कामगार विम्यातही तसंच : वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो, पण ज्या दिवशी काम करून पगार घेतला त्या दिवसाचा लाभ नाही. अर्धा दिवस काम आणि अर्ध्याचा लाभ, अशी पायरीच ठेवलेली नाही.

जर्मनीत ती आहे. तिथे 'हॅम्बुर्ग मॉडेल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत डॉक्टर परतीचा टप्प्याटप्प्याचा तक्ता लिहून देतात : आधी रोज दोन ते चार तास, मग हळूहळू पूर्ण वेळ. त्या काळात माणूस विम्याच्या दृष्टीने आजारीच धरला जातो, त्यामुळे पगाराचा भार सहसा मालकावर पडत नाही. ब्रिटनमध्ये प्रसूतीच्या रजेत, रजा न मोडता, दहा दिवसांपर्यंत कामावर येऊन जाता येतं, तेही दोघांच्या राजीखुशीने. आपल्याकडे कामगार विम्यात अर्ध्या दिवसाचा लाभ आणणं हे दिल्लीचं काम आहे, त्याला वेळ लागेल. पण एका पानाचा रुजू-आराखडा जिल्हा परिषद, नगरपालिका, पतपेढी, एमआयडीसीतला कारखाना कुणीही उद्यापासून देऊ शकतं. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचं कारण नाही.

त्या पानावर काय असावं? रजेवर जाणाऱ्याने जाताना, किंवा अचानक गेला असेल तर त्याचं काम सांभाळणाऱ्याने, चार गोष्टी लिहून ठेवायच्या : काय अर्धवट आहे, कोण कशाची वाट पाहत आहे, कागद आणि पासवर्ड कुठे आहेत, आणि कुठला निर्णय तो येईपर्यंत घ्यायचा नाही. शेवटचा मुद्दा लोक गाळतात आणि तोच सर्वांत कामाचा असतो. आपल्यासाठी काहीतरी राखून ठेवलं आहे हे कळल्याने परतण्याला हेतू मिळतो.

परतण्याच्या आठवडाभर आधी एक फोन, वीस मिनिटांचा. विषय तीनच : काय बदललं, काय संपलं, पहिल्या दिवशी कुणाशेजारी बसायचं. रुजू होण्याचा दिवस साप्ताहिक सुट्टीच्या दोन-तीन दिवस आधीचा निवडावा, म्हणजे पहिला टप्पा आपोआप छोटा होतो. घड्याळही आधी सावरायला हवं. बाळंतपणात किंवा दवाखान्यातल्या जागरणांत झोपेचा क्रम मोडलेला असतो. उठण्याची वेळ चार-पाच दिवस आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी. तान्हं बाळ असेल तर हे आईच्या हातात नसतं, म्हणून घरच्यांनी रात्रीची एक फेरी स्वतःकडे घ्यायची असते. नुसतं 'लवकर झोपत जा' म्हणून भागत नाही.

पहिल्या तीन दिवसांत रोज एकच काम असं द्यावं, जे जेवणाच्या सुट्टीच्या आत पूर्ण होईल आणि पूर्ण झालेलं डोळ्यांना दिसेल. तलाठी कार्यालयात एका गावच्या नोंदी जुळवणं, बँकेत एका खातेदाराचं कर्जप्रकरण तपासून पुढे पाठवणं, शाळेत एका वर्गाच्या वह्या. काम दीड तासापेक्षा मोठं नसावं. साचलेले ई-मेल आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप पहिल्यापासून वाचत बसू नये. शेवटचा आठवडा आधी वाचावा, कारण जुन्यातलं बरंचसं परस्पर मिटलेलं असतं. उरलेलं सहकाऱ्याला अर्धा तास विचारून घ्यावं. सहा महिन्यांचे संदेश दोन दिवस चाळणारा माणूस तिसऱ्या दिवशी थकलेला असतो आणि हाती काही नसतं. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मन खचण्याचं हे सर्वांत साधं आणि टाळता येणारं कारण.

भाराचा साधा अंदाज असा : पहिला आठवडा नेहमीच्या अर्धा, दुसरा पाऊण, तिसऱ्यापासून पूर्ण. दर आठवड्याच्या शेवटी पंधरा मिनिटं बसून पुढचा आकडा ठरवायचा. चढ जास्त वाटला तर एक आठवडा तिथेच थांबायचं, खाली उतरायचं नाही. एकूण बुडतं पाऊण आठवड्याचं काम. २६ आठवड्यांच्या रजेपुढे ते तीन टक्केही नाही.

चुका कुठे होतात तेही पाहू. पहिल्या दिवशी पुष्पगुच्छ, पेढे, फोटो आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारत नाही. खुर्ची दुसऱ्याला गेलेली असते आणि 'तात्पुरतं इथे बसा' हे तात्पुरतं महिनाभर चालतं. चांगली कामं वाटून झालेली असतात, उरलेली किरकोळ कामं परतलेल्याच्या वाट्याला येतात. ही शेवटची चूक सद्भावनेनेही होते : 'तिला जास्त ताण नको.' भार कमी करणं आणि दर्जा कमी करणं यांत फरक आहे. जी बाई ऑडिटची मुख्य फाइल सांभाळत होती तिला महिनाभर झेरॉक्स आणि आवक-जावकवर बसवलं तर तिची उमेद वाढत नाही, अपमान होतो. तिला तीच फाइल द्या, चारऐवजी दोन तालुक्यांची द्या.

उलट चूक परतणाऱ्याकडून होते. एवढे दिवस नव्हतो म्हणून पहिल्या आठवड्यात रात्री आठपर्यंत बसायचं, डबा तसाच परत न्यायचा. दोन आठवडे हे चालतं. तिसऱ्या आठवड्यात अंग आणि मन एकदम बसतं, आणि सगळ्यांना वाटतं की आता खरा रंग दिसला. वरिष्ठांनी अशा माणसाला साडेपाचला उठवून घरी पाठवायला हवं. कौतुक करून बसवून ठेवू नये.

आता कल्पकतेबद्दल, कारण भार टप्प्याटप्प्याने दिल्याने काम सुरू होतं पण नवं सुचेलच असं नाही. नवं सुचणं म्हणजे डोक्यात असलेल्या मालाची नवी जुळणी. खंडात तो माल खाली जातो. तो हाताळल्याशिवाय वर येत नाही. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सुचण्याच्या क्रियेचे चार टप्पे मांडले : तयारी, मुरवण, उजेड पडणं आणि पडताळणी. रजेचा काळ मुरवणीचा होऊ शकतो, पण आधी तयारी झालेली असेल तरच. विरजणच लावलेलं नसेल तर दूध रात्रभर ठेवून दही होत नाही. म्हणून जाताना लिहून ठेवलेला एखादा न सुटलेला प्रश्न परतल्यावर उपयोगी पडतो.

तो नसेल तर हातापासून सुरुवात करावी. जळगावच्या सराफ्यात पेढीवर परतलेल्या कारागिराला पहिल्याच दिवशी नव्या घाटाचा हार काढायला सांगू नये. आधी तार ओढू द्यावी, साध्या कड्या जोडू द्याव्यात, झाळकाम करू द्यावं. मग स्वतःचाच एक जुना, चांगला उतरलेला नमुना जसाच्या तसा पुन्हा करायचा. ही नक्कल कमीपणाची नाही. आपण कुठे वळण घेतलं होतं, कुठे जागा सोडली होती, हे हाताला आठवतं आणि तिथेच 'इथे असं केलं तर?' हा प्रश्न उभा राहतो. प्लास्टिक चटईच्या कारखान्यात नक्षी बसवणारा, पाइपाच्या जोडाचा साचा आखणारा, वर्तमानपत्रात पान लावणारा, सगळ्यांना हाच मार्ग लागू आहे. आधी आपलंच जुनं, मग त्यात एक बदल, मग नवं.

वेळ बांधलेली हवी : कामाचा पहिला तास, त्यातली पंचवीस मिनिटं, जागा तीच, फोन दुसऱ्या खोलीत. त्या वेळात दर्जा बघायचा नाही, संख्या बघायची. रोज पाच कच्चे आराखडे. आठवड्याच्या शेवटपर्यंत कुठलाही फाडायचा नाही आणि वरिष्ठांना दाखवायचाही नाही. घाईने दाखवलेल्या कच्च्या कामावर एक शेरा आला की सहावा आराखडा येत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी सगळे एकत्र पसरून दोन निवडायचे.

आणि मर्यादा घालून घ्यायच्या. 'काहीतरी नवीन कर' या सूचनेने खंडानंतरचं डोकं गोठतं. पाचवीच्या गुरुजींना 'अध्यापन रंजक करा' असं परिपत्रक देऊन काही होत नाही. 'केळीचा एक घड आणि त्याच्या फण्या एवढंच साहित्य वापरून अपूर्णांकाचा एक तास आखा' असं सांगितलं तर दहा मिनिटांत सुरुवात होते. आठ फण्यांच्या घडातल्या तीन विकल्या तर किती भाग उरला? फणीत केळी कमी-जास्त असतात, मग फणी हा घडाचा समान भाग धरायचा का? बघता बघता तास अपूर्णांकाच्या गाभ्याशी जातो. साधन जेवढं ओळखीचं आणि चौकट जेवढी घट्ट, तेवढं परतलेल्या माणसाला लवकर सुचतं.

आक्षेप रास्त आहेत. बारा माणसांची डाळमिल चालवणारा मालक म्हणेल, हंगामात कुणाला अर्धं काम देऊ? त्याला वरचा साडेपाचशे रुपयांचा हिशेब पुरेसा आहे. ऑफिससारखे तीन आठवडे त्याच्याकडून कुणी मागत नाही. दुसरा आक्षेप सहकाऱ्यांचा असतो आणि तो जास्त खरा आहे. सहा महिने त्यांनी दुप्पट ओढलेलं असतं, आता आणखी तीन आठवडे? म्हणून आराखडा सर्वांना दिसेल असा लिहिलेला हवा, शेवटच्या तारखेसह. न संपणाऱ्या सवलतीचा राग येतो. तारीख असली की माणसं सांभाळून घेतात, विशेषतः उद्या आपल्यालाही हेच मिळणार हे माहीत असेल तर. तिसरा आक्षेप गैरफायद्याचा. तो कुणीतरी घेईलच. पण अर्धं काम दिलेल्या माणसाचं तेवढं काम आठवड्याच्या शेवटी मोजता येतं. पूर्ण काम देऊन 'मन लागत नाही' म्हणणाऱ्याचं काहीच मोजता येत नाही.

एका ठिकाणी मात्र आराखडा पुरत नाही. दोन आठवडे उलटूनही दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत राहणं, हे मूड नसण्याचं लक्षण नाही, आजाराचं असू शकतं. बाळंतपणानंतर थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. रक्त कमी असताना उमेद शोधणं व्यर्थ आहे. मनासाठी १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, एकट्याने नाही.

राहिले ते लोक ज्यांना रजाच नसते. नंदुरबारच्या डोंगराळ तालुक्यांतून, चाळीसगाव भागातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात आणि लगेच मिळेल त्या कामावर, रोजगार हमीच्या मातीकामावर उभी राहतात. महिनोन्‌महिने राबून आलेली ही माणसं राबायला सरावलेली असतात, पण दरवर्षी कडक उन्हात नव्या कामाचा पहिला दिवस त्यांच्या वाट्याला येतो. या कामावरच्या ज्या मुकादमाकडे हजेरी असते त्याच्या हातात मोजमापाचा फीता असतो आणि मजुरी मोजमापावर ठरते. पहिल्या तीन दिवसांचं मोजमाप ५०, ६०, ८० या प्रमाणात धरून पूर्ण मजुरी द्यायची, एवढी एक ओळ हजेरीपटाच्या वर छापायची आहे. ती मार्च संपायच्या आत छापली जावी.